पाण्यातली पापडी

"चाचा, सुकलेलं पुन्हा उकलतं का?"

आवाज ऐकला आणि माझा हात घोटायच्या दगडावरच थांबला. हेमंत सरोदे! तीन वर्षांनी तोंड दाखवलं होतं.

मी कुडाच्या आत माझ्या लगद्यापाशी होते, तो बाहेर यासीनचाचांसमोर. मला तो फटीतून दिसत होता, मी त्याला दिसत नव्हते. म्हटलं, शैला, आता हलायचं नाही.

रावेरजवळच्या या हातकागदाच्या शेडमध्ये आम्ही दोघंही चाचांचे शिष्य. केळीच्या खांबाची सोपटं सोड्यात शिजवायची, धुवायची, उजळायची, हे त्यांनीच शिकवलं. लगदा एकदा सुकला की कामातून गेला, म्हणून अशा वैशाखात त्यावरच्या गोणपाटाला दर अर्ध्या तासानं पाणी मारायचं, हा त्यांचा पहिला नियम.

त्या लगद्यातून नॅनोसेल्युलोज काढायचा नाद मात्र आमचा, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक धागे! हेमंतला घाई. आम्लात टाकू म्हणायचा, दोन तासांत मोकळे.

चाचा म्हणायचे, "आम्लानं तुटतं बाबा. घोटून उलगडतं."

मी घोटत राहिले. दोन वर्षांनी त्या धाग्यांचा साईसारखा दाट गर हाती आला. त्यावरचा निबंध छापून आला, तेव्हा त्यात एकच नाव होतं. त्याचं. मी माझी वही उचलली, प्रयोगशाळा सोडली आणि इथं येऊन बसले.

"काय सुकलं?" चाचांनी विचारलं.

हेमंतनं डबी उघडली. आत पिवळट, कडक पापडी होती.

"शैलानं केलेला गर. बरणीभर ठेवून गेली होती."

"सुकवला कुणी?"

"मीच, भट्टीत... परदेशात परिषदेला न्यायचा होता. शंभरात अठ्ठ्याण्णव भाग नुसतं पाणी. म्हटलं, पाण्याचं ओझं कशाला वाहायचं? तिथं गेल्यावर घालू."

"नियम विसरलास?"

"तो कागदाच्या लगद्याचा वाटला."

आई गं! ज्या गरावर ओलं फडकं घालायला मी पाडव्याच्या दिवशी फराळाचं ताट सोडून धावले, तो यानं भट्टीत ठेवला. माझे डोळे भरून आले. राग होता की आणखी काही, कोण जाणे.

चाचांनी पाण्याचा वाडगा पुढं सरकवला.

"टाक."

त्यानं पापडी पाण्यात टाकली.

"ढवळ."

त्यानं ढवळली. बराच वेळ.

"पाणी बदल."

तो उठला, हौदावर गेला, पाणी बदलून आला. चाचांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही गेला. पूर्वीचा हेमंत पहिल्याच खेपेला कुरकुरला असता.

पापडी होती तशीच.

"तिथंही हेच झालं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"मग नवा गर कर."

"जमत नाही हो. दगड तेच, केळीची जातही तीच. पण सोपटं किती शिजली की काढायची, ते तिच्या हाताला कळायचं. मी कधी विचारलंच नाही."

"आता विचार."

"कुठल्या तोंडानं?"

त्यानं डबीचं झाकण लावलं.

"चाचा, तिचं नाव मी मुद्दाम गाळलं. चुकून राहिलं असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. एकट्यालाच मोठं व्हायचं होतं. माझं चुकलं... ती इथं येते का कधी?"

चाचांनी कुडाकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"आली तर काय सांगू?"

"माझं चुकलं, एवढंच. गराचं नका सांगू. एवढंच सांगा."

तीन वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते. दोन पावलं टाकायची आणि बाहेर यायचं, बस. पण पाय उचलेना. मनात म्हटलं, बस तसाच, जरा भोग.

तो बसला. चाचांनी दोनदा चहा विचारला, तो नको म्हणाला. मी फटीला डोळा लावून उभी होते, वेळेचं भानच नव्हतं. शेवटी पाचच्या एसटीचा हॉर्न वाजला. त्यानं चाचांच्या पायाला हात लावला आणि गेला. वाडगा तिथंच राहिला.

मी बाहेर आले तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

वाडग्यात बोट घालून पापडी दाबून पाहिली. कडा थोड्या मऊ झाल्या होत्या, आत दगड.

"हे काही उकलायचं नाही आता," मी म्हणाले.

चाचांनी वाडगा बाजूला सरकवला.

"हाक मारणार होते हो मी. ओठांवर आली होती. पण इतक्या सहज का म्हणून? त्यानं अजून थोडं..."

हाक मारली असती तर काय बिघडलं असतं माझं?

चाचा उठून कुडाच्या आत गेले. दुपारपासून माझ्या लगद्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी गोणपाटाचं टोक धरून उचललं. ते करकरलं.

"वरून सुकलंय गं शैला," आतून चाचा म्हणाले. "आत हात घालून बघ."