मोकळ्या माळाचा राखणदार

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा राखणदार होता. गावाचा चराईचा माळ लढाईच्या काळात फौजेनं तंबू ठोकायला घेतला. लढाई संपली, फौज गेली, माळ काही परत आला नाही. मागं उरलं तारेचं कुंपण, एक फाटक आणि झुंबर.

फौजेच्या सुभेदारानं त्याला बजावलं, "कुणालाच आत सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुभेदारच आला. फाटक बंद.

"अरे, मी सुभेदार!"

"कुणालाच म्हणालात. त्यात तुम्ही आलात की."

सुभेदार उन्हात तापला. "गाढवा, वर्दी दिसली की सलाम ठोकायचा आणि फाटक उघडायचं!"

"जी."

पुढच्या आठवड्यात वरात आली. पुढं बँडवाले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. झुंबरनं सलाम ठोकला. अख्खी वरात माळावर जेवली आणि पत्रावळी टाकून गेली.

सुभेदार किंचाळला, "फौज अशी पिपाण्या वाजवत येते होय रे? फौज रांगेत चालते. खांद्याला बंदूक, तोंडानं एक-दोन, एक-दोन. तसं येईल त्यालाच सोड!"

"जी."

मग सरकारचा हुकूम निघाला. फौजेला लागत नाही ती जमीन गावाला परत. मोठा साहेब बघायला येणार, फौज दिसली नाही तर माळ सोडणार. ताबा घ्यायला गावानं माळावर हजर राहायचं. गावच्या शेरडांना तोंड घालायला जागा उरली नव्हती. सरपंच कौसाताईंनी झुंबरला पढवलं.

"साहेबानं बोट दाखवून विचारलं, की म्हणायचं, 'मोकळीच आहे साहेब, कुणाच्या कामाची नाही.' राहील का रे डोक्यात?"

"न राहायला काय झालं, ताई?"

त्या दिवशी अख्खं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंसोरं, घरं ओस टाकून फाटकाशी जमलं. झुंबर आडवा उभा.

"रांग लावा. बंदूक नसली तर काठी घ्या. तोंडानं एक-दोन."

"मेल्या, माळ आमचा, अन् कवायत आम्हीच करायची?" कौसाताई कडाडल्या.

"तसं येईल त्यालाच सोडणार."

तेवढ्यात टेकाडावर साहेबाची गाडी दिसली. कौसाताईंनी कपाळावर हात मारला, पदर खोचला, काठी खांद्याला लावली. "चला गं बायांनो! एक-दोन, एक-दोन!"

गाव आत गेलं. झुंबर साहेबाकडं धावला.

साहेब गाडीतनं उतरला नाही. ही माणसं मुलूख काचेतनंच बघतात. त्याला धुरळा दिसला, रांग दिसली, खांद्याखांद्याला काठ्या दिसल्या.

"अरे वा! इथं तर पलटण आहे. एवढ्या पलटणीला हा माळ पुरतो कसा?"

मग त्यानं पलीकडं गावाकडं बोट दाखवलं. तिथं चिटपाखरू नव्हतं.

"आणि ती जागा?"

झुंबरनं खाडकन सलाम ठोकला.

"मोकळीच आहे साहेब, कुणाच्या कामाची नाही."