टायटसनं ऐकलेलं नववं कलम

तुमच्या-माझ्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. सातासमुद्रापार, अमेरिकेच्या दक्षिणेत, सायप्रस बेंड नावाच्या गावात टायटस राहायचा. विहिरी खणणारा, जन्मापासून गुलाम. गुलामानं अक्षर गिरवलं तर पाठीवर चाबूक, म्हणून त्याला वाचता येत नव्हतं. पण कान असा तिखट, की एकदा ऐकलं ते जन्माचं पाठ. पाच पुरुष खोल विहिरीत उभं राहून तो वरच्या चर्चमधलं प्रवचन ऐकायचा, असं म्हणतात.

मग मोठी लढाई झाली, गुलामी संपली, काळ्या माणसांना मत मिळालं. गावानं टायटसला थेट राज्याच्या विधानसभेत धाडलं. निघताना बायको डॉर्कस म्हणाली, "अहो, बाकी काही नको. गावाला शाळा आणा. आपली लेकरं सहीच्या जागी फुली मारत जगायला नकोत."

तिथली रीत अशी, की विधेयक तीनदा मोठ्यानं वाचायचं, मग मत घ्यायचं. शाळांचं विधेयक दोनदा वाचलं गेलं. टायटसनं डोळे मिटून ऐकलं. "विहीरवाला झोपला बघा," असं म्हणून बडी मंडळी हसली. हसू दे बापडी.

तिसऱ्या वेळी कारकुनानं भराभर पानं उलटली. मतदान सुरू होणार, तोच टायटस ताडकन उठला. "साहेब, नववं कलम राहिलं."

रंग न बघता प्रत्येक लेकराला शाळेत घ्यायचं, हेच ते कलम. कुणीतरी गुपचूप गाळलेलं.

"कागदावर नाही. खाली बसा," कारकून म्हणाला.

टायटस बसला नाही. एक शब्द चुकला तर शाळा गेली, वर हसं होणार ते वेगळंच. त्यानं पहिल्या कलमापासून सगळं विधेयक तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. सभापतींनी कपाटातली मूळ प्रत मागवली आणि ओळीवर बोट ठेवून ऐकू लागले. बोट कुठंही अडलं नाही. टायटस नवव्या कलमाशी आला तेव्हा बाहेरची नदी ऐकायला थांबली, असं म्हणतात. मला तर ते खरंच वाटतं. विधेयक नवव्या कलमासकट मंजूर झालं!

पुढं दिवस फिरले. काळ्यांची मतं हिरावली गेली, टायटस पुन्हा विहिरीत उतरला. पण गावची शाळा टिकली. सत्तराव्या वर्षी तो तिथं पहिलीत बसला आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहून रडला.

आजही सायप्रस बेंडमध्ये शाळा उघडते त्या दिवशी बाई ते कलम तीनदा वाचतात. तिसऱ्यांदा मुद्दाम एक ओळ गाळतात. मग ज्यांना अजून अक्षरओळखही नाही, ती पहिलीची पोरं उभी राहून गाळलेली ओळ म्हणतात. ती पुरी होईपर्यंत त्यांना कुणी खाली बसवत नाही.