माळ्यावरची सांगड

फार जुन्या काळी, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते तेव्हा, एका नदीच्या काठी रंगाऱ्यांचं गाव होतं. वरच्या घाटावर कुणी हळदीची कापडं धुतली की खालच्या घाटाला नदी पिवळी दिसे, नीळ धुतली की निळी. माणसं संध्याकाळी घरी परतली तरी त्यांच्या हातांचा रंग काही जात नसे.

त्या गावात एक समजूत होती. प्रत्येक घराच्या जमिनीखाली वास्तुपुरुष निजलेला असतो, झोपेतही त्याचा कान घरातल्या बोलण्याकडे असतो, आणि कानावर पडेल त्याला तो ‘तथास्तु’ म्हणतो. म्हणून लोक फार जपून बोलत. निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नसे, ‘येतो’ म्हणे. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं. पूर आणि आग हे शब्द तर उंबऱ्याच्या आत आणायचेच नाहीत. हसू नका, तुमच्याआमच्या घरी तरी काय वेगळं चालतं?

याच गावात एक रंगारी होता. घरात बायको, लहानगी लेक आणि पायांनी अधू झालेले त्याचे वडील, आबा. लेक जन्मली त्या वर्षी नदी अंगणाला लागून परत गेली, आणि रंगाऱ्याच्या मनात धाकधूक शिरली ती शिरलीच. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला की पाणी आणखी चढलं असतं तर काय केलं असतं? आबांनी हातातला घास ताटात ठेवला. “घरात अभद्र बोलू नये,” ते म्हणाले. बायकोनंही डोळ्यांनी दटावलं.

तो गप्प बसला, पण स्वस्थ बसला नाही. कापडं वाळवायच्या छपरीत त्यानं मोठेमोठे भोपळे सुकवले आणि बांबूच्या चौकटीला घट्ट बांधून त्यांची सांगड केली. त्या काळी लोक अशा सांगडीवर बसूनच नदी ओलांडत. घरात कुणी नाही असं पाहून त्यानं ती माळ्यावर नेली आणि वर गवत पसरलं. शेजारी काथ्याचा दोर ठेवला, मडक्यात फुटाणे आणि गूळ भरून ठेवला. फुटाणे मऊ पडले की गुपचूप बदलायचाही. खाली बायको लेकीची वेणी घालत बसलेली दिसे आणि त्याला वाटे, हिला कशाला उगाच घोर लावायचा? वेळ आलीच तर मी आहे की. मग त्याला छान झोप लागे.

एके दिवशी तो रंगवलेली लुगडी घेऊन पलतीराच्या बाजाराला गेला. आभाळ स्वच्छ होतं, माल लवकर खपला. दुपारी त्यानं चिंचेच्या सावलीत अंग टेकलं आणि त्याचा डोळा लागला.

स्वप्नात तो आपल्याच घरात उभा होता. घर निळ्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं. पाट, दिवा, लेकीचा परकर, सगळं सावकाश तरंगत होतं आणि काहीच भिजत नव्हतं. बघता बघता जमीन पांघरुणासारखी बाजूला झाली. खालून एक प्रचंड म्हातारा उठून बसला. त्याचं अंग मातीचं होतं आणि केसांत झाडांची मुळं गुंतली होती. हा कोण, हे रंगाऱ्याला विचारावं लागलं नाही.

“इतकी वर्षं तू माळ्यावर चढतोस उतरतोस,” वास्तुपुरुष जांभई देत म्हणाला, “पण माझ्या कानावर काही आलं नाही.”

रंगाऱ्यानं हात जोडले. “मुद्दामच नाही बोललो. तुम्ही तथास्तु म्हणाला असतात तर?”

“‘पाणी आलं तर टेकडीवर जायचं, सांगड माळ्यावर आहे, आबांना मी धरतो, लेकीला तू घे.’ कुणीतरी असं बोलेल म्हणून मी कान देऊन पडलो होतो. तथास्तु म्हणणार होतो ते याला. न बोललेल्याला मी काय म्हणू, बाळा?”

एवढं बोलून तो पुन्हा आडवा झाला. पाणी आता आपल्या उशाशी आलंय, असं तो झोपेत पुटपुटला.

रंगारी दचकून उठला. बाजारातली माणसं काठाकडे धावत होती. इकडे ऊन पडलं होतं, पण वर डोंगरात ढग फुटले होते आणि नदी सगळे रंग टाकून मातीची होऊन आली होती.

काठावर येऊन त्यानं पाहिलं. पलीकडे त्याच्या घराचं नुसतं छप्पर पाण्यावर दिसत होतं. बायकोनं आबांना कसंबसं शिडीनं माळ्यावर चढवलं होतं, गवताचा शाकार फाडला होता, आणि तिघं छपरावर बसली होती. सांगड त्यांच्यापासून हातभरच खाली होती.

“माळ्यावर बघ! गवताखाली!” तो घसा फोडून ओरडला. चुलीपाशी बसून हळूच सांगता आलं असतं असं ते वाक्य. आता नदीच्या आवाजात त्याचा एक शब्द पलीकडे पोचेना. त्याचे हलणारे हात बायकोला दिसले. आहात तिथेच थांबा, असं तो सांगतोय असं तिला वाटलं. तिनंही हात हलवून, आम्ही ठीक आहोत, तुम्ही पाण्यात उतरू नका, असं सांगितलं. बाबा दिसले म्हणून लेक टाळ्या पिटत होती.

तो उडी टाकायला निघाला, तेव्हा नावाड्यांनी त्याला धरून ठेवलं. मग मागची भिंत बसली. छप्पर कलंडलं, आणि आबा ज्या कडेला होते ती कड पाण्यात गेली. सुटलेल्या गवतातून काहीतरी भोपळ्यांचं वर उसळलं. काय आहे, कुणाचं आहे, हे न बघता बायकोनं लेकीला त्यावर टाकलं आणि स्वतः बांबूला लटकली. पुष्कळ खाली, नदीच्या वळणावर, बाजाराच्याच काठाला लोकांनी दोघींना बाहेर ओढलं. आबा सापडले नाहीत.

रंगारी धापा टाकत तिथे पोचला तेव्हा ती सांगडीच्या गाठींवरून बोटं फिरवत बसली होती. त्या गाठी तिच्या ओळखीच्या होत्या.

“ही आपली?” तिनं विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“ही झाली तेव्हापासून,” लेकीकडे बघत तो म्हणाला.

तिनं गाठीवरचं बोट उचललं. म्हणाली, “आबांना दम लागला म्हणून मी त्यांना घटकाभर तिच्यावरच टेकवलं होतं. गवत मऊ लागलं म्हणून.”

रंगाऱ्यानं आपलं तोंड निळ्या हातांत लपवलं आणि तो मोठ्यानं रडला.

पुढे त्यांनी उंचावर नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आलेले पाहुणे अजून पानावरच होते. सगळ्यांच्या देखत रंगारी घराच्या मधोमध उभा राहिला. पाणी आलं तर काय करायचं, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, दोर कुठे, सांगड कुठे, हे तो मोठ्यानं बोलला. काहींनी कानांत बोटं घातली, एक म्हातारी तर उठून गेली. पण बायकोनं ते सगळं त्याच्यामागून म्हटलं. दर अमावास्येला ती दोघं तसं बोलू लागली. हळूहळू शेजारी बोलू लागले, मग गाव. त्यानंतर कितीदा तरी नदी गावात आली आणि घरं घेऊन गेली, पण माणूस तिला मिळालं नाही.

त्या पहिल्या दिवशी मात्र सगळं बोलून झाल्यावर लेकीनं बोटांवर एकेकाचं काम मोजलं. आईनं मडकं घ्यायचं, बाबांनी सांगड उतरवायची, मी दोर धरायचा. तिचं एक बोट उरलं. “आणि आबांना कोण धरायचं?” तिनं विचारलं.

तात्पर्य: संकटाची तयारी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल तरच ती तयारी; एकट्याच्या मनात ठेवलेली असली, तर ती असून नसल्यासारखी.