बुवांच्या मांडीवरची मांजर

"तिला मांडी आणि मला चटई, हे कुठल्या शास्त्रात बसतं, बुवा?"

त्रिंबकनं विचारलं ते हसत हसत, पण हसू ओठांपुरतंच होतं. अकरा वर्षं तो निंबाजीबुवांच्या मठात होता. उपनिषदं तोंडपाठ. आणि चिंधी ही मठातली करडी मांजर, तिला म्यांवपलीकडे काही येत नव्हतं.

बुवांनी चिंधीचं नाव घेतलं आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवला.



त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत बुवा त्रिंबकला अनुग्रह देणार होते. कानात मंत्र. याचसाठी तर त्यानं घरदार सोडलं होतं. म्हणून सकाळीच त्यानं मठ सारवायला घेतला होता.

मठात एक रीत नवी होती. दोन महिन्यांपूर्वी बुवांनी प्रत्येक वस्तूभोवती गेरूची रेघ ओढली होती. सारवताना तेवढी रेघ राखायची आणि वस्तू तिथल्या तिथे ठेवायची. चिंधीचं पाण्याचं वाडगंसुद्धा. साठी बुद्धी नाठी, असं त्रिंबक मनात म्हणे.

आज त्यानं रेघेवरूनही सारवलं. वाडगं बाहेर ओट्यावर नेलं आणि त्याच्या जागी, बुवांच्या आसनाला लागून, आपल्या पोथीचा चौरंग मांडला. मांजरापेक्षा पोथी जवळ असलेली बरी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मत्सराला सबबींची कधी वाण पडत नाही.

चिंधी मांडीवरून उतरली. भिंतीच्या कडेकडेनं पाणी प्यायला निघाली आणि चौरंगाच्या कोपऱ्यावर तोंड आपटून मागे फेकली गेली. नाकातून रक्त आलं.

"एवढा मोठा चौरंग! दिसत नाही का हिला?"

"नाही," बुवा म्हणाले.



बुवांनी वातींच्या कापसाचा पुंजका चिंधीच्या डोळ्यांसमोरून खाली सोडला. तिची मान हलली नाही. मग एक चिंचोका टाकला. दोन्ही कान तिकडे वळले.

"डोळे बघ तिचे."

दारातून दुपारचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. उन्हात मांजरांच्या बाहुल्या बारीक होतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चिंधीच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर होत्या.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. उडी मारायची सोडली, तेव्हा मला शंका आली. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. नजर परत येणार नाही म्हणाले. तिच्या वस्तू हलवू नका आणि हात लावण्याआधी आवाज द्या, म्हणाले."

"पण बुवा, मी तर दिवसभर तिच्याकडेच बघतो!"

"ती कुठं बसते तेवढंच बघतोस."

त्रिंबकला शरम वाटली. त्यानं घाईनं तिला उचलायला हात घातला. चिंधीनं फिस्कारून त्याच्या मनगटावर ओरखडा काढला.

"उचलू नकोस. आधी बोल."

"काय बोलू?"

"सुचेल ते. थांबू नकोस म्हणजे झालं." आणि बुवा नदीवर आंघोळीला निघून गेले.

त्रिंबकनं चौरंग हलवला. वाडगं भरून आणलं, जागेवर ठेवलं, भोवती रेघ ओढली. मग जमिनीवर बसून श्लोक म्हणू लागला. चिंधी खोलीच्या मधोमध अंग चोरून बसली होती. हलली नाही.

तासाभरानं श्लोक संपले.

"मला तुझा राग येतो," तो म्हणाला.

चिंधीचे कान वळले.

"परवा बुवांनी दुधावरची साय तुला दिली. मला विचारलंसुद्धा नाही. सायीचं काही नाही गं… पण विचारायला हवं होतं."

मग तो बोलतच राहिला. तू आलीस की ते 'आलीस का' म्हणतात, मी आलो की पोथी उघडायला सांगतात. मंत्र मिळाला की तरी ते माझ्याकडे बघतील, असं वाटलं होतं. तुला नदीपलीकडे सोडून यावं, असंही दोनदा मनात आलं होतं. एकदा पोतंही काढून ठेवलं होतं. हे सांगताना त्याच्या डोळ्यांना धार लागली.

ऊन भिंतीवर चढलं. चिंधी उठली. एकेक पाऊल चाचपत आली, मिशा त्याच्या गुडघ्याला लागल्या. थोडा वेळ हुंगत राहिली आणि मांडीवर चढली.

"चिंधे," तो हळूच म्हणाला, आणि मग हात ठेवला.

दाराआड बुवा उभे होते. कधीपासून, कोण जाणे. अंगावर ओला पंचा तसाच.

"त्रिंबका, सूर्य टेकला. ऊठ, मुहूर्त टळेल."

त्रिंबकनं ओठांवर बोट ठेवलं. गुरूला गप्प केलं! मठात असं कधी कुणी केलं नव्हतं.

बाहेर सूर्य बुडाला. बुवा उंबऱ्यावरच टेकले आणि बराच वेळ दोघांकडे बघत राहिले.

"आज मला तिचा हेवा वाटला रे," बुवा म्हणाले.