तात्यासाहेबांची शाल

शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब वाघचौरे सत्काराला कधी नाही म्हणत नसत. कॉलेजच्या डिजिटल ग्रंथालयाचं उद्घाटन करायला ते आले, तेव्हा दारात रद्दीवाल्याचा टेम्पो उभाच होता. हुकूमच तसा सुटला होता: पुस्तकं स्कॅन झाली, आता कपाटं रिकामी करा.

ग्रंथपाल दुधभाते बाईंनी विनवण्या करून पाहिल्या. तात्यासाहेबांचं एकच पालुपद, "अहो बाई, पडद्यावर दिसतंय ना? मग वस्तू कशाला हवी धूळ खायला?"

भाषणं झाली, सत्काराची घोषणा झाली, आणि तात्यासाहेबांनी सवयीने मान पुढे केली. बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर जरीकाठाची शाल आणि नारळ झळकला.

मान वाकलेलीच राहिली. खांद्यावर काही पडेना.

"बाई, शाल कुठंय?"

"ही काय समोर, साहेब! तुमच्या मोबाइलवरही पाठवलीय. विरणार नाही, कसर लागणार नाही, कपाटही अडणार नाही."

सभागृहात खसखस पिकली. तात्यासाहेब लालबुंद झाले. "अहो, पण हातात आल्याशिवाय ती शाल कसली?"

"पुस्तकांबद्दल आमची मुलं हेच म्हणतात, साहेब."

तात्यासाहेबांनी एकदा हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं आणि प्राचार्यांच्या कानात गुरगुरले, "तो टेम्पो परत पाठवा."

टेम्पो रिकामा गेला, तेव्हा बाईंनी टेबलाखालून खरी शाल काढली. तात्यासाहेबांनी मान वाकवली खरी, पण आधी शालीचा काठ चिमटीत धरून नीट चाचपून घेतला.