बुधीचं वाकडं उलथणं

एका डोंगरघळीत बुधी नावाची एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ झालं नाही. नाचणीचं एवढंसं शेत आणि जिभेला मात्र भारी धार.

त्या मुलखाचा राजा कमळोजी. टोपीवाल्या साहेबानं त्याचं राज्य मागितलं, त्यानं दिलं नाही. साहेबानं गढी घेतली, राजा रानात शिरला. तीन दिवस उपाशी फिरून तो बुधीच्या दारात आला. बुधीनं त्याला ओळखलं. गरम भाकर पुढं ठेवली.

दुसरा घास तोंडात जातोय तोच शिपाई अंगणात आले. राजा पाठ ताठ करून बसलेला. असं बसणारा माणूस त्या घळीत दुसरा नव्हता. बुधीनं तव्यावरचं उलथणं उचललं आणि त्याच्या पाठीत दणका घातला.

"घरजावई म्हणून आलास आणि नुसता गिळत बसलास. लाकडं कोण फोडणार, माझा मेलेला म्हातारा?"

राजानं जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. पण त्यानं मान खाली घातली. "फोडतो, मामी," एवढंच म्हणाला.

जमादार हसला. "जपून मार गं म्हातारे, लेकीला टाकून पळून जाईल." आणि सगळे पुढं गेले.

पावसाळा लागला. रानातल्या हिवतापानं साहेबाची पलटण अंथरुणाला खिळली आणि शेवटी परत गेली. राजा गढीवर आला, त्यानं बुधीला बोलावणं धाडलं. बुधीला वाटलं, राजाच्या अंगावर हात टाकला, आता आपलं काही खरं नाही. कोंबडी शेजारणीला देऊन ती निघाली.

तिला बघताच राजा गादीवरून उठला. "मामी, काय देऊ तुला?"

"मला रे काय करायचंय? तुझ्या पाठीवर उलथणं वाकलं, तेवढं सरळ करून दे."

सगळी सदर हसली. राजा हसला नाही. "ते वाकडंच राहू दे. मी कधी चुकलो, तर घेऊन ये."

वर्षानं साहेब पुन्हा आला, या खेपेला गोड बोलत. भरजरी झगा देतो म्हणाला, तोफांची सलामी देतो म्हणाला. "राज्य तुमचंच. फक्त रान सरकारचं, एवढ्या कागदावर सही करा." दरबारी म्हणाले, करून टाका महाराज. सहीचा दिवस ठरला, ती बातमी घळीत पोचली.

त्या दिवशी राजानं बोरू उचलला आणि बुधी सदरेत आली. तिनं पदराखालून उलथणं काढलं आणि कागदावर ठेवलं.

राजाला त्या भाकरीची चव आठवली. नाचणी त्याच रानाच्या उतारावरची, चुलीतलं लाकूडही तिथलंच. त्यानं बोरू खाली ठेवला.

"साहेब, या रानानं मला भरवलंय. ते देऊन टाकणारा मी कोण?"

गढी पुन्हा गेली. राजा पुन्हा रानात शिरला. शिपाई घरोघर शोधत फिरले. पण ज्या घरात शिरावं, तिथं एक जावई मान खाली घालून सासूच्या शिव्या खात बसलेला. यातला राजा कुठला, ते साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: उपकार एकदा फेडून मोकळं होऊ नये, ते आठवून वागावं. ज्याला खाल्लेल्या भाकरीची आठवण असते, त्याला अडचणीच्या वेळी प्रत्येक घर आपलं म्हणतं.