रिकाम्या यादीतली नावं

“आणि ज्याने काहीच दिलं नाही, त्याचं काय?” बुवांनी विचारलं.

“चालतं की,” मकरंद टेंबे म्हणाला. “ते ऐच्छिक ठेवलंय. नावं दिली तर ती घ्यायची, नाहीतर रिकामी यादी धरायची. प्रोग्राम कुठे अडत नाही.”

‘अडत नाही’ हे त्याने जरा छाती काढूनच सांगितलं. मठात येण्याआधी भानुबुवा पुण्यात प्रोग्राम लिहायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण भगव्यातल्या माणसाला आता त्यातलं काय आठवणार, अशी त्याची समजूत.

मठाखाली गोदेचा घाट. पितृपंधरवड्यात गुरुजी पुरेनासे झाले, म्हणून मकरंदने तिथे एक यंत्र बसवून दिलं होतं. आपल्या गेलेल्या माणसांची नावं आधी लिहून द्यायची. कर्ण्यातून एकेक नाव पुकारलं जातं आणि माणूस पाण्यात उभा राहून तीळपाण्याची ओंजळ सोडतो. ज्याने आधी दिली नसतील, त्याने तिथेच आठवतील ती सांगायची. ती त्या रिकाम्या यादीत भरली जातात.

“सगळं चालतंय, तर मग आलास कशाला?”

मकरंदने घाटाकडच्या बंद दाराकडे पाहिलं.

“द्वारकाबाई म्हणून एक आहे,” तो म्हणाला. “घाटावर फुलं विकते. अनाथाश्रमात वाढलेली, आईबापांचा पत्ता नाही. एकही नाव न देता ती पाण्यात उभी राहिली. सांगायलाही तिच्याकडे काही नव्हतं.”

“मग?”

“कर्णा बोलायला लागला. नावांमागून नावं... थांबेचना.”

“कोणाची?”

“तिच्याआधी जे जे यादी न घेता आले, त्यांच्या माणसांची. बाई ढसाढसा रडली. म्हणाली, माझी माणसं सापडली. सगळी नावं पाठ केलीत तिने. रोज येते.”

“ती रिकामी यादी तू केलीस कधी?”

“प्रोग्राम लिहिला तेव्हा... एकदाच.”

“म्हणजे जो येईल त्याला तीच.”

“तीच. आधीच्यांनी सांगितलेली नावं तिच्यात साठतच गेली.”

कंपनीत नव्या पोरांना हीच चूक करू नका म्हणून दरडावणारा हा गडी. त्याची मान खाली गेली, ते बरंच झालं.

“सुधारलीस?”

“लगेच. आता प्रत्येकाला नवी यादी मिळते. द्वारकाबाई उभी राहिली की कर्णा गप्प असतो.”

“झालं तर मग.”

“नाही झालं, बुवा.” त्याचा आवाज उतरला. “त्या यादीत पहिलं नाव माझं आहे. चाचणी घेताना मी माझंच घातलं होतं.”

बुवांच्या हातातली माळ थांबली.

“मी असलं काही मानत नाही. पण सकाळी उठतो तेव्हा तोंडात तिळाची चव असते. तहान लागत नाही. आणि काल... आईने दोनच ताटं घेतली. तिचं आणि बाबांचं. मी समोर बसलो होतो.”

“द्वारकेला सांग. ही तुझी माणसं नव्हेत म्हणावं.”

“गेलो होतो सांगायला. मी कोण ते तिला माहीत नाही. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाली, यातला मकरंद बहुतेक माझा भाऊ असणार, लहानपणीच गेला असेल बिचारा. सांगितलं तर तिला कोणी उरत नाही. आणि नाही सांगितलं, तर मी...”

तो बुवांच्या जवळ सरकला.

“मला भीती वाटते, बुवा.”

बुवा उठले. त्यांनी घाटाकडचं दार उघडलं.

भर दुपार होती, तरी घाटावर चिटपाखरू नव्हतं. कर्णा बंद होता. द्वारकाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती, ओंजळ भरलेली.

“मकरंद...” तिने पुकारलं.

पाणी पाण्यात पडल्याचा आवाज वर आला. मकरंदने आपल्या हाताकडे पाहिलं. कोरड्या तळव्यातून थेंब ओघळत होते.

“मकरंद...”

तो दारापासून मागे सरला, भिंतीला टेकला. “काय करू मी? नाव काढून टाकलं, तरी ती तोंडाने घेते!”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते खाली, त्या बाईकडे पाहत होते.

“जिवंत आहेस ना अजून?” ते म्हणाले. “मग ओ दे.”